गॅसवर श्रीमंत झालेला कतार उन्हाकडे का वळतोय? आपल्या युरियाशीही आहे संबंध

कतार हा आखाती देश आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेअकरा हजार चौरस किलोमीटर. बारमाही नदी एकही नाही, पाऊस नावापुरता. तरीही जगातल्या श्रीमंत देशांत त्याचं नाव घेतलं जातं, ते समुद्राखालच्या नैसर्गिक वायूमुळे. आता हाच देश सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प उभारतोय. ही भानगड नेमकी काय आहे, ते पाहूया.

गॅस सापडला आणि दिवस पालटले

तेल सापडण्याआधी इथली माणसं समुद्रातून मोती काढून आणि मासेमारी करून पोट भरत. १९७१ मध्ये समुद्रात नॉर्थ फील्ड हा वायूसाठा सापडला. एकाच जागी असलेला हा जगातला सर्वात मोठा साठा. त्याचा एक भाग कतारकडे, दुसरा इराणकडे आहे.

गॅस उणे १६२ अंशांपर्यंत गार केला की त्याचं द्रव होतं आणि जागा सुमारे सहाशेपट कमी लागते. त्यालाच एलएनजी म्हणतात. हा गॅस जहाजात भरून जगभर विकला जातो.

आपल्या शेतापर्यंत कसा पोहोचतो?

गुजरातमधल्या दहेज बंदरात २००४ पासून कतारचा एलएनजी येतो. वर्षाला ७५ लाख टनांचा हा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. भारतात युरिया प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासूनच बनतो आणि त्यासाठी बाहेरून आणलेला एलएनजीही वापरला जातो. म्हणजे पिकाला टाकलेल्या युरियाच्या गोणीचं एक टोक आखातात असू शकतं.

उन्हावर वीज

ऑक्टोबर २०२२ मध्ये राजधानी दोहाच्या पश्चिमेला अल खरसाह इथं ८०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. सुमारे १० चौरस किलोमीटर जागेत १८ लाखांहून जास्त पॅनेल आहेत. वाळवंटातली धूळ बसली की वीज कमी मिळते, म्हणून पॅनेल पुसायला रोबोट ठेवलेत.

कतारला वीज लागतेही भरपूर. घरोघरी एसी आणि पिण्याचं जवळपास सगळं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं. आजवर हे सगळं गॅसवरच चाललं. उन्हावर वीज झाली की घरचा गॅस वाचतो आणि तो विकायला मोकळा होतो.

२५ टक्के कपात म्हणजे नेमकं काय?

कतारने २०२१ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत हवेत जाणारे घातक वायू २५ टक्क्यांनी कमी करू. पण ही घट आजच्या आकड्यावरून मोजायची नाही. काहीच उपाय केला नसता तर २०३० ला जेवढं प्रदूषण झालं असतं, त्या मानाने ही घट धरली आहे. एखाद्याने चार बोअर मारायचे ठरवले आणि तीनच मारले, तसंच हे. ठरवल्यापेक्षा एक कमी, पण बोअर तर वाढलेच!

दुसरीकडे, २०२४ मध्ये एलएनजीची क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवरून २०३० पर्यंत १४ कोटी २० लाख टनांवर नेण्याचा बेत जाहीर झाला. कोळशापेक्षा गॅस जाळताना धूर कमी होतो, असं कतार सांगतो. ते खरंही आहे. पण विकलेला गॅस ज्या देशात जळतो, त्याच देशाच्या खात्यावर ते प्रदूषण मांडलं जातं. भारताने घेतलेला गॅस भारताच्या खात्यावर.

उन्हाची झळ कामगारांना

कतारमध्ये परदेशी लोकांत सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. त्यातले कितीतरी बांधकामावर राबतात. २०२१ च्या नियमानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घेता येत नाही. ऊन आणि दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला, तर वेळ कोणतीही असो, काम थांबवावंच लागतं. घरातलं कुणी तिकडं कामाला असेल किंवा जाणार असेल, तर हा नियम त्याला जरूर सांगा.

सौर पॅनेल लागले, हे चांगलंच झालं. पण ज्या गॅसने कतारला श्रीमंत केलं, त्याची विक्री कमी करायचं अजून ठरलेलं नाही. तापमान वाढतंय, त्याची झळ आधी उघड्यावर राबणाऱ्यालाच बसते, मग तो वाळवंटात असो की आपल्या शिवारात.