अवंतिकाबाई गोखले : मताधिकार आणि मद्यपाननिषेध

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्या दिवसाचे स्मरण आपल्याकडे आदराने केले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्याच स्वातंत्र्यलढ्याच्या काळात स्त्रियांच्या राजकीय हक्कांसाठी आणि दारूच्या गुत्त्यांविरुद्ध ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांची नावे आपल्या घरांत क्वचितच ऐकू येतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कै. अवंतिकाबाई गोखले यांचे चरित्र निवडले आहे. बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हेत, शहापूर-मुरबाडच्याही नव्हेत. तरी त्यांच्या कार्याचा आपल्या घराशी संबंध कसा पोहोचतो, ते वाचकांच्या पुढे ध्यानात येईल.

बाईंचा जन्म 1882 साली इंदूरचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच लग्न होऊन त्या मुंबईस गोखल्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. शिक्षण झाले ते सासरी. पुढे त्यांनी परिचारिकेचे व सुईणीचे शास्त्रीय शिक्षण घेतले. 1917 साली महात्मा गांधींनी चंपारणात खेड्यापाड्यांतून शाळा काढण्याचे ठरविले, तेव्हा पती बबनराव यांच्यासह बाई तिकडे गेल्या. मुलांची भाषा हिंदी, बाईंची मराठी. शिकवायचे कसे, हा प्रश्न पडला. गांधीजींनी सांगितले की, व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगले वळण मुलांस लावावे. बाईंची ती शाळा आदर्श ठरली, असे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. आम्ही आयुष्यभर खडूफळ्याशी झगडलो, म्हणून या दाखल्याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते. ज्या बाईचे स्वतःचे शिक्षण लग्नानंतर सुरू झाले, तिने परप्रांतात जाऊन परक्या भाषेतील मुलांची आदर्श शाळा चालवावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

1918 साली बाईंनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. त्यास लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज स्थापिला व अखेरपर्यंत त्याचे काम वाहिले.

आता मताधिकाराकडे वळू. 1919 च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांस मत दिले नाही. ते द्यावे की न द्यावे, हे प्रांतिक कौन्सिलांवर सोपविले. मद्रासने 1921 च्या एप्रिलात ठराव केला व मुंबईने जुलैत. येथे मौज अशी की, त्या कौन्सिलांत सारे पुरुषच. बायकांस मत असावे की नाही, हे ठरविताना एकाही बाईचे मत घेतले गेले नाही! शिवाय मालमत्तेची अट होतीच, म्हणजे शेतात राबणाऱ्या व लाकडाची मोळी वाहणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांस त्या ठरावाने काहीच लाभले नाही. त्यांस मत मिळाले ते प्रजासत्ताकाच्या घटनेने, आणि प्रत्यक्ष बजावता आले 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. मुंबई महानगरपालिकेत स्त्रिया 1923 साली प्रथम निवडून गेल्या. त्यांत सरोजिनी नायडू यांच्याबरोबर अवंतिकाबाईही होत्या.

महानगरपालिकेचे नाव निघाले म्हणून तानशाची आठवण होते. आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा तलाव 1892 साली पुरा झाला व तेथील पाणी मुंबईस जाऊ लागले. त्याच 1892 साली सरकारने ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांकरिता मोहाचा कायदा केला. रानात पडलेली मोहफुले वेचून घरात ठेवणे हाही त्यामुळे गुन्हा होऊ शकत असे. लोकांनी पिऊ नये, असा सरकारचा हेतू नव्हता. घरी गाळू नये, उरणच्या भट्ट्यांवरची कर भरलेली दारू विकत घेऊन प्यावी, हा हेतू होता. आपले पाणी मुंबईस गेले आणि उरणची दारू आपल्या दारी आली. फुले वेचणारी बाई गुन्हेगार ठरली, आणि नवऱ्याची मजुरी ज्या गुत्त्यात जात होती तो मात्र कायदेशीर! गुत्ता असावा की नसावा, हे तिला कोणी विचारले नाही.

1930 च्या एप्रिलात गांधीजींनी दारूच्या व विलायती कापडाच्या दुकानांवरील निरोधनाचे काम मुद्दाम स्त्रियांकडे सोपविले, यामागील विचार हाच असावा, असे आमचे मत आहे. दारूने जिचे घर मोडते, तिने दुकानाच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकास हात जोडावे. मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रियांनी हे काम केले. त्या फळीत अवंतिकाबाई होत्या. ऑक्टोबरात आझाद मैदानावर ध्वजवंदन केल्याबद्दल त्यांस सहा महिन्यांची शिक्षा झाली. 1949 च्या मार्चमध्ये बाई वारल्या. मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये. त्या कायद्याचे बंधन पुढे शासनानेच सैल केले, हे सर्वांस ठाऊक आहे.

मात्र 2008 च्या शासकीय आदेशाने एक नवी वाट उघडली. गावातील स्त्रियांनी मागणी केल्यास परवाना असलेल्या दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या : उभी म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. दुकान बंद होण्यास एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतील एकूण नावांच्या निम्मी. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचे वजन आपोआप उभ्या बाटलीकडे. निवडणुकीची कामगिरी अनेकदा केल्यामुळे आम्ही सांगू शकतो की, ही अट वाटते त्याहून कठीण आहे.

आता घरचेच पाहू. हळदीच्या रात्री दारू वाटू नये, हा ठराव आपल्या मंडळाने किती वेळा केला, हे जुन्या इतिवृत्तांत पाहावे. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो. लग्नसराईत त्याचे काय होते, ते यजमानीणबाईंस विचारावे. मांडवाचे कर्ज फेडताना दागिना तिचाच गहाण पडतो. आणि तो ठराव करणारे कोण? सभासद-पुस्तकात प्रत्येक घराचे एकच नाव, कुटुंबप्रमुखाचे, मतही त्याचेच. बायका येतात त्या हळदीकुंकवास व बक्षीससमारंभास. सभागृहात त्यांच्या खुर्च्या मागे.

सबब येत्या वार्षिक सभेत आम्ही घटनादुरुस्ती मांडणार आहोत : अठरा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्रीचे नाव सभासद-पुस्तकात स्वतंत्रपणे लिहावे, तिला मत असावे, आणि हळदीचा ठराव त्यानंतर पुन्हा, या वेळी चिठ्ठीने, मतास टाकावा. सूचना लेखी दिली आहे. अनुमोदकाची जागा अद्याप मोकळी आहे.