चुलीतला ओंडका ताटात

नाताळच्या ओंडका-केकवर काटा ओढून ज्या रेघा काढतात, त्या शोभेपुरत्या नाहीत. ती झाडाची साल आहे. हा चॉकलेटचा गुंडाळा मुळात खायचा पदार्थच नव्हता, ते सरपण होतं. केक सजवण्याच्या शंभर युक्त्या सापडतील, पण सजावटीतली प्रत्येक गोष्ट कुठून आली हे कळलं की हात आपोआप नीट चालतो.

युरोपात नाताळच्या आदल्या रात्री चुलाण्यात एक मोठा ओंडका घालायची चाल फार जुनी. इंग्रज कवी रॉबर्ट हेरिक याच्या 1648 च्या संग्रहात या ओंडक्याचा उल्लेख आहे. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात या विधीला ‘काशो-फियो’ म्हणतात. ओंडका फळझाडाचाच हवा, बदामाचा, ऑलिव्हचा किंवा नाशपातीचा. घरातला सर्वांत म्हातारा माणूस आणि सर्वांत लहान पोर, दोघांनी मिळून तो उचलायचा, तीन फेऱ्या घालायच्या, त्याच्यावर तीनदा द्राक्षमद्य शिंपडायचं आणि मग तो विस्तवात ठेवायचा. तो जितके दिवस धुमसेल तितकं चांगलं. राख जपून ठेवायची, अर्धवट जळलेला तुकडा वीज पडू नये म्हणून घरात ठेवायचा आणि पुढच्या वर्षीचा ओंडका त्याच तुकड्याने पेटवायचा.

आदिलाबादच्या माणसाला यात परकं काही वाटू नये. तेलंगणात थंडीचा कडाका सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाणवतो तो याच जिल्ह्यात. डिसेंबरात गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. संक्रांतीच्या आदल्या पहाटे तेलुगू घरांसमोर भोगीचा जाळ होतो. घरातलं मोडकं लाकूडसामान त्यात जातं, आणि त्याच सकाळी शेजारच्या मराठी घरात भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी होते. होळीची राख कपाळाला लावणारी माणसं आपण. थंडीच्या टोकाला मोठं लाकूड जाळायचं आणि त्याची राख शुभ मानायची, ही बुद्धी एका देशाची नाही.

मग लाकडाचा केक कसा झाला? त्याचं सरळ उत्तर चुलाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या शहरांत माणसं छोट्या बिऱ्हाडांत राहायला आली आणि भिंतीतल्या उघड्या चुलाण्यांची जागा बिडाच्या शेगड्यांनी घेतली. पुरुषभर लांबीचा ओंडका त्या शेगडीत जाणार कसा? तेव्हा लहानसं लाकूड पानाफुलांनी सजवून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवू लागले, आणि पुढे मिठाईवाल्यांनी ते लाकूडच गोड करून टाकलं. आपल्याकडे असंच काहीसं चुलीचं झालं. अविभाजित आंध्रात 1999 ला गॅसजोडणीची दीपम योजना आली, 2016 ला उज्ज्वला आली आणि आदिलाबादच्या खेड्यापाड्यांत गॅसची शेगडी पोचली. ओंडक्याने स्वयंपाकघर सोडलं की माणसं त्याची आठवण कशात तरी धरून ठेवतात. फ्रेंचांनी ती केकमध्ये धरली.

हा केक पहिल्यांदा कोणी केला यावर पॅरिस आणि लिओं या दोन्ही शहरांचा दावा आहे. छापील कृती मात्र 1890 च्या दशकात पिएर लाकाम या मिठाईकाराच्या पुस्तकात सापडते. गुंडाळायचा पातळ स्पंज केक त्याआधीच माहीत होता. त्यावर कॉफीचं किंवा चॉकलेटचं लोण्यातलं क्रीम लावलं, काट्याने साल काढली आणि ‘बूश द नोएल’, म्हणजे नाताळचा ओंडका, तयार झाला.

भारतात नाताळच्या केकचा माग तलश्शेरीला जातो. तिथल्या मांबळ्ळी बापू यांनी 1883 मध्ये मर्डोक ब्राऊन या मळेवाल्यासाठी केक भाजला अशी हकिकत तिथे अभिमानाने सांगतात. तो मात्र सुक्या मेव्याचा गोल केक होता. केरळची ही परंपरा आपल्या जिल्ह्याला अगदीच दूरची नाही, कारण 1999 मध्ये स्थापन झालेला आदिलाबादचा धर्मप्रांत केरळच्याच सिरो-मलबार चर्चचा आहे आणि त्याचं मुख्य ठाणं मंचिर्यालला आहे.

अवन नसलेल्या घरांत ओंडका-केक आला तो वेगळ्याच वाटेने, मारी बिस्किटांच्या. हे बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने 1874 मध्ये रशियाची राजकन्या मारिया हिच्या लग्नानिमित्त काढलं. आज ते पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतं. मारीचा बारीक चुरा, त्यात कोको, पिठीसाखर, थोडं लोणी आणि मळण्यापुरतं दूध. हा गोळा बटर पेपरवर लाटायचा, त्यावर सुक्या खोबऱ्याचा कीस, लोणी आणि पिठीसाखर यांचा पांढरा थर पसरायचा आणि कागदाच्याच आधाराने घट्ट गुंडाळायचा. दोन तास फ्रिजमध्ये ठेवला की सुरी चालते. अंडं नको, भट्टी नको. मूळ फ्रेंच स्पंजपेक्षा हा रोल जड आणि चावून खायचा आहे, पण ओंडका म्हणून मला तोच जास्त पटतो.

स्पंजचाच करायचा असेल तर तो गरम असतानाच ओलसर फडक्यासकट गुंडाळून तसाच निववावा. गार झालेला स्पंज वळवायला गेलं की तडकतो. तडकला तरी घाबरायचं कारण नाही. वर साल येणार आहे, आणि कुठल्या झाडाच्या सालीला तडे नसतात? हा केक घराघरांत टिकला याचं मोठं कारण मला हेच वाटतं. गोल, गुळगुळीत केकवर हाताची प्रत्येक चूक उघडी पडते. इथे चूक सालीत जिरते.

आता सजावट. पहिलं काम सुरीचं. रोलच्या एका टोकाचा दोन-तीन बोटं रुंद तुकडा तिरपा कापा आणि तो मधल्या अंगाला क्रीमने चिकटवा. ही छाटलेली फांदी. एवढ्या एका तुकड्याने रोलचा ओंडका होतो. तो नसेल तर वर कितीही नक्षी करा, रोल तो रोलच. दोन्ही टोकं आणि फांदीचं तोंड उघडं ठेवा, कारण आतलं पांढरं-तपकिरी वेटोळं म्हणजेच लाकडाची वर्षं. क्रीम लावताना नेमकं हेच विसरलं जातं आणि सगळा ओंडका लिंपून निघतो.

सालीसाठी डार्क चॉकलेटचे तुकडे आणि तेवढंच फ्रेश क्रीम. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवायचं आणि ढवळायचं. लगेच ओतलं तर ओघळून जाईल. बोटाने रेघ ओढल्यावर ती मिटत नाही इतकं दाट झालं की सुरीने फासायचं. मग पाच-दहा मिनिटं थांबून काटा हातात घ्या.

इथे माझा आग्रह आहे. साल चित्रात पाहून काढू नका. आपण सागवानाच्या मुलखातले. घराबाहेर पडून सागाचं खोड जवळून पाहा. करडी-तपकिरी साल, तिला उभ्या, उथळ, जवळजवळ समांतर भेगा, मधूनच पातळ पट्टी सुटलेली. काटा टोकापासून टोकापर्यंत सलग ओढू नका. चार बोटं ओढा, उचला, थोडं बाजूला टेकवा, पुन्हा ओढा. जिथे फांदी चिकटवली आहे तिथे रेघा तिला वळसा घालून जाऊ द्या. एखाद्या ठिकाणी काट्याचं टोक जागच्या जागी फिरवा, गाठ उमटेल.

या कामाचा वारसा आपल्या दाराशी आहे. निर्मल 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. तिथले कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची फळं, पक्षी, प्राणी घडवतात, लाकडाच्या भुशात चिंचोक्याची खळ कालवून सांधे भरतात आणि असा रंग चढवतात की फळ खरं वाटावं. निर्मलला लाकडाचं फळ होतं, या केकमध्ये खाऊचं लाकूड होतं. दोन्हीकडे कसब एकच: आधी खरी वस्तू डोळे भरून पाहायची.

फ्रेंच लोक ओंडक्याच्या पायथ्याशी अंड्याच्या पांढऱ्याची आणि साखरेची छोटी अळंबी करून ठेवतात. जंगलात पडलेल्या लाकडावर अळंबी उगवते, म्हणून. आपल्याकडे काजू कतलीचा लगदा यासाठी उत्तम. गोव्यात मार्झिपानसुद्धा बदामाऐवजी काजूचंच करतात. देठ वेगळा, टोपी वेगळी करा, जोडा, आणि टोपीवर चिमटीने कोको भुरभुरा. लाल फळांच्या जागी टूटीफ्रूटी, हिरव्यासाठी पिस्त्याचे काप. बर्फ म्हणून पिठीसाखर गाळणीतून टाकतात, पण ती अगदी वाढायच्या वेळी आणि फक्त वरच्या अंगाला. आधी टाकली तर ओल धरून नाहीशी होते. मी बर्फ टाकत नाही. आमच्या डिसेंबरात पांढरं दिसतं ते शेतातल्या कापसाचं, म्हणून खोबऱ्याचा कीस ओंडक्याखाली ताटात पसरते.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. पहिला काप घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने आणि सर्वांत लहान पोराने मिळून कापावा. ओंडका उचलायचा मान त्यांचाच होता.