पावती



आमच्या देवघराखालच्या खणात एक पावती आहे. आठ वर्षांपूर्वीची, जीवदया खात्याची, ५,१०० रुपयांची. मालवणात आमच्या दुकानासमोर एक म्हातारा पांढरा कुत्रा असायचा. पावसाळ्यात स्कूटरखाली त्याचा मागचा पाय गेला. आठवडाभर मी त्याला पोळी-दूध घातलं, मग घाटावर माल आणायला निघालेल्या टेम्पोतून त्याला एका पांजरपोळात पाठवलं. पैसे दिले, पावती आली, मन हलकं झालं. चार महिन्यांनी माहेरी जाताना वाट वाकडी करून तिथे गेले. गाई होत्या, बैल होते. कुत्र्याबद्दल कोणालाच काही सांगता येईना. वहीत नोंदही नव्हती. एक गडी म्हणाला, "कुत्री इथं ठेवत नाही ताई, बाहेर सोडतो."

तीन पायांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला अनोळखी गावात "बाहेर सोडतो" म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चूक त्या गड्याची नव्हती. पाठवण्याआधी एक फोन करून विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. त्यानंतर पांजरपोळ ही आपली संस्था आली कुठून आणि तिथे नक्की काय व्हायचं, हे वाचायचा मला नादच लागला.

सगळ्यात आधी मला भेटला एक म्हातारा, ४०० वर्षांपूर्वीचा. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये खंबायतला आला होता. तिथे त्याने पक्ष्यांचं इस्पितळ पाहिलं. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले पक्षी तिथे ठेवलेले होते. तिथेच एका डबीत कापसावर उंदराची आई-वेगळी पिल्लं होती, आणि पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध माणूस नाकावर चष्मा लावून पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजत होता. युरोपातून आलेल्या लोकांना हे सगळं अजब वाटायचं. त्याच्याही आधी, १५८० च्या दशकात, राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने असल्या इस्पितळांबद्दल लिहिलं होतं. मला मात्र तो पिसाने दूध पाजणारा म्हातारा विसरता येत नाही. तो रोज तिथे बसत होता. दूध पाजायला पावती चालत नाही.

गुजरातेतल्या पांजरपोळांत एक "जीवातखाना"ही असायचा. धान्य निवडताना आपण सोंडे, किडे, अळ्या बाजूला काढतो, ते टाकायचे कुठे? तर लोक ते या खोलीत आणून सोडायचे आणि वरून थोडं धान्यही घालायचे. पावसाळ्यात कोकणातल्या तांदळाला काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. सूप हातात घेतलं की मला ती खोली आठवते.

आपल्या मुंबईच्या पांजरपोळाची सुरुवात मात्र एका दंग्यातून झाली, आणि तोही कुत्र्यांवरून. मुंबई सरकारने उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारायचा नियम केला होता. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ मध्ये मारायची मुदत जूनपर्यंत वाढवली. आठ आण्यांच्या लोभाने पकडणारे लोक बेवारस आणि घरचा असा भेद बघेनात. ६ जून १८३२ हा पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे, माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवायचा त्यांचा विधी आहे. त्या दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर लोक धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही उतरले. गोऱ्या पलटणीचं धान्य आणि मांस अडवलं गेलं, शेवटी सरकारने फौज आणून धरपकड केली.

मग १८३४ मध्ये पारशी शेठ जमशेटजी जिजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभं केलं. भायखळ्याचं आदीश्वराचं मंदिर बांधणारे ते हेच मोतीशा. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ठरावीक "लागा" बसवून घेतला. कापसाच्या गाठीमागे इतके, साखरेमागे इतके, असा. रोज उठून कोणापुढे हात पसरायचा प्रश्न राहिला नाही. त्या भागात आजही लोक "पांजरपोळ गल्ली" म्हणतात. आपल्यातल्या बऱ्याच जणी तिथून साड्यांवरच्या लेस आणायला गेल्या असतील.

पण पुढे एकोणिसाव्या शतकात पांजरपोळांवर टीकाही झाली. जॉन लॉकवूड किपलिंग (लेखक किपलिंगचे वडील, मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकवायचे) यांनी १८९१ मध्ये भारतातल्या जनावरांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात पांजरपोळांतल्या हालांवर ते चांगलेच तुटून पडले आहेत. इंग्रजाने आपल्याला शिकवावं याचा राग येतो, मलाही आला. पण आठ वर्षांपूर्वीची ती वही आठवली की राग गिळावा लागतो. जनावर मारायचं नाही, एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी काम संपत होतं. जखमेला औषध, वेगळी जागा, पोटभर चारा, हे कोणी पाहायचं? त्याच मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे अभय देणारे आणि औषध देणारे एकाच शहरात, दोन वेगळ्या दारांत.

आता १९२६ ची अहमदाबादची गोष्ट. ही आपल्यात फारशी कोणी सांगत नाही. गिरणीमालक अंबालाल साराभाई स्वतः जैन. त्यांच्या गिरणीच्या आवारात फिरणारी साठ कुत्री त्यांनी पिसाळण्याच्या भीतीने मारवली. शहरात गहजब झाला. मग ते गांधीजींकडे गेले, आणि गांधीजींनी त्यांनाच दोषी ठरवायचं नाकारलं! 'यंग इंडिया'त त्यांनी यावर लेखमालाच लिहिली. जैन आणि वैष्णव वाचकांची संतापाची पत्रं आली.

साठ कुत्री मारणं मला पटत नाही, आणि पटवूनही घ्यायचं नाही. तेव्हाही पिसाळण्यावरची लस होती. लुई पाश्चरने १८८५ मध्येच ती एका मुलाला दिली होती. फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांना आधीच टोचून ठेवायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती, आज ती आहे. पण गांधीजींचं दुसरं म्हणणं मला टोचलं. ते आपल्यालाच उद्देशून होतं. त्यांचं म्हणणं असं की बेवारस कुत्रं हे समाजाच्या आळसाचं लक्षण आहे. येता-जाता तुकडा टाकून आपण दया केली असं समजतो, पण त्याची जबाबदारी घेत नाही. खरी दया असेल तर कुत्रं नीट पाळा, नाही तर पाळणाऱ्या संस्थेला पोसा. माझी आठवडाभराची पोळी आणि ५,१०० ची पावती माझ्या डोळ्यांसमोर आली.

आमच्या या किनाऱ्यावर ते रोज दिसतं. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईकर येतात, वाडीतलं एखादं पिल्लू अंगणात बांधतात, मुलं लाड करतात. मग घराला कुलूप लागतं आणि पिल्लू दारात बसून राहतं. पुढे ती कुत्री टोळीने समुद्रावर फिरतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला समुद्री कासवं अंडी घालतात, ती घरटी उकरणाऱ्यांत हीच कुत्री असतात. एका घराने टाकलेल्या जिवामुळे दुसरे किती जीव जातात ते मोजा. आणि हा नुसता पापाचा प्रश्न नाही. उपाशी-तहानेला मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

दीड वर्षापूर्वी मुलीने हट्ट धरला, कुत्रं हवंच. तिला दुकानातलं, विलायती जातीचं हवं होतं. सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली आणि विचारलं, "हे आपल्यात बसतं का गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. श्रावकाने जे धंदे करू नयेत त्यांत "असतीपोषण" येतं. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात, प्राण्यांना मारणारे प्राणी पोसणं त्यातच धरलं आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात तर मैना, पोपट, मांजर, कुत्रा अशी यादीच आहे. पण तिथे एक शब्द आहे, तो मी सासूबाईंना दाखवला. हे पोसणं पैशासाठी असेल तर. म्हणजे कुत्रीला वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवून पिल्लं विकणारा धंदा त्यात सरळ सरळ बसतो, आणि त्याला पैसे देणारे आपणही. ज्याला कोणीच नाही अशा जिवाला घरात घेणं त्यात बसत नाही, असं माझं मत. सासूबाईंचं मत अजून पूर्ण झालेलं नाही.

मग आम्ही चंपीला आणलं, म्हापशाजवळच्या एका निवाऱ्यातून. आमच्यापासून ते फार लांब नाही. गोव्यात कुत्र्यांना गावोगाव फिरून रेबीजची लस टोचायचं मोठं काम झालं आहे, २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. निवाऱ्यातल्या बाईंनी मला अर्धा तास प्रश्न विचारले. दिवसा घरी कोण असतं? बांधून ठेवणार का? गावाला गेलात तर कोणाकडे? आजारी पडली तर डॉक्टर किती लांब? मुलीशी पटलं नाही तर काय करणार? मला जरा रागच आला. आम्ही दान देणारी माणसं, आम्हाला चौकशी? पण त्या बोलत असताना मी मनात मोजत होते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, खाणं-पाणी तोडणं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हे लिहिलं ते ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांच्यासाठी. मी इतकी वर्षं ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या बाई जैन नव्हत्या, पण पाचही विचारून गेल्या.

'छेद'वरून घरात वादही झाला. चंपीचं नसबंदीचं ऑपरेशन निवाऱ्यातच झालं होतं. आत्याबाई म्हणाल्या, हा छेदच. कुत्र्याची शेपटी आणि कान शोभेसाठी कापतात तो छेद, याबद्दल मला शंका नाही. पण दरवर्षी सहा-सात पिल्लं होऊन त्यातली पाच रस्त्यावर मरणं थांबवायचं असेल तर मला हा दोष पत्करावा लागेल. आत्याबाईंना हे पटलेलं नाही. गोचिडांचंही तसंच. औषधाचे थेंब मानेवर टाकले की गोचीड मरतात. नाही टाकले तर त्यांच्यापासून होणाऱ्या तापाने कुत्रं मरतं. मी थेंब टाकते आणि त्या रात्री प्रतिक्रमणात त्यांची क्षमा मागते. अंगण कोरडं ठेवून आणि रोज कंगवा फिरवून थेंबांची पाळी कमी येते, एवढं मात्र खरं.

खाण्याचं सगळ्याच जणी विचारतात. समोरच्या कोळीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वयनी, मासळी नसलेल्या घरात ह्यो कुत्रो रवतलो कसो?" कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण आपल्या ताटातली उरलेली पोळी-भाजी म्हणजे त्याचा आहार नव्हे. डॉक्टरांना विचारून प्रथिनं आणि क्षार पुरे पडतात की नाही ते पाहावं लागतं. मांजराचं तसं नाही, त्याचं शरीर मांसाशिवाय चालत नाही. ज्या घरात ते द्यायची तयारी नाही त्या घराने मांजर आणू नये. उगाच त्याला दूधभातावर ठेवून आंधळं करण्यात कसली अहिंसा? कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराचा चंपीला फायदाच झाला. पण मनुका आणि द्राक्षंही तितकीच वाईट. प्रसादाचा सुका मेवा खाली ठेवू नका. आणि कृपा करून दशलक्षणात कुत्र्याला उपास घडवू नका. "आमचा मोती चतुर्दशीला जेवत नाही" असं कौतुकाने सांगणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. मोतीला विचारलं होतं का? तो पाचवा अतिचार आहे.

सूर्यास्ताआधी जेवायची मात्र तिला आपोआप सवय लागली, कारण सगळं घर तेव्हाच जेवतं. पाणी गाळलेलं, दिवसातून तीनदा बदललेलं. पहिले दोन महिने ती कोणी हात उचलला, अगदी केस बांधायला, तरी कॉटखाली शिरायची. तिला कोणी किती मारलं असेल, ते कळायचा मार्ग नाही. एकदा मुलीला तिचा दात लागला. आम्ही पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुतली आणि सरळ सरकारी दवाखान्यात गेलो. चंपीची लस झालेली होती, तरी मुलीची इंजेक्शनं चुकवली नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, आता तरी परत देऊन या. मुलगी काहीच बोलली नाही, चंपीची वाटी धुवायला घेऊन गेली.

आता चंपी कॉटखाली शिरत नाही. पण टेम्पोचा हॉर्न वाजला की अजून दाराआड जाते. पुढच्या गुरुवारी तिच्या रेबीजच्या वार्षिक डोसाची तारीख आहे. कुडाळला न्यायचं म्हणजे सकाळची दुकानाची वेळ जाणार, आणि सासूबाईंनी कालच विचारलं, गाडीत तिच्या बाजूला त्यांना बसता येईल का.