सुटीवर गेलेले गिरणगाव : ब्लॅकपूलच्या दिव्यांची गोष्ट

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राकडे तोंड करून ब्लॅकपूल वसले आहे. तिथे काय पाहावे याची यादी ठरलेली असते : ५१८ फूट उंचीचा लोखंडी मनोरा, समुद्रात घुसलेले तीन पिअर, किनाऱ्याने धावणारी ट्राम, विंटर गार्डन्स आणि शरद ऋतूत सुमारे सहा मैल पसरणारी रोषणाई. प्रवासवर्णनांतून ही नावे एकामागून एक येतात. पण हे सारे बांधले कोणासाठी आणि त्याचे पैसे कोणी मोजले, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले, की आधी लँकेशायरच्या विणमागांपाशी आणि मग थेट आपल्याकडच्या कापडबाजारापाशी यावे लागते.

१८४६ साली रेल्वे येईपर्यंत ब्लॅकपूल हे हवापालटासाठी येणाऱ्या मोजक्या सुखवस्तू कुटुंबांचे गाव होते. रेल्वेने त्याला गिरण्यांच्या शहरांशी जोडले. या शहरांत ‘वेक्स’ नावाची प्रथा होती. मुळात ती चर्चच्या संताची जत्रा. कारखानदारी आली, तशी जत्रा मागे पडली आणि सुटी उरली. वर्षातून एकदा गावातल्या साऱ्या गिरण्या एकदम बंद होत, बॉयलर साफ केले जात आणि कामगार मोकळे होत. ब्लॅकबर्नचा आठवडा वेगळा, बर्नलीचा वेगळा, बोल्टनचा वेगळा. त्यामुळे उन्हाळाभर दर आठवड्याला एक नवे गाव ब्लॅकपूलला रिकामे होई. आपल्या मुंबईचा गिरणी कामगार शिमग्याला, गणपतीला कोकणातल्या घरी जाई. लँकेशायरच्या कामगाराला परतायला असे गाव उरले नव्हते. म्हणून चाळीतले शेजारी, खात्यातले सोबती, सारे मिळून समुद्रावर जात.

या सुटीचा पगार मिळत नसे. वर्षभर आठवड्याला थोडेथोडे पैसे साठवणारी मंडळे गिरण्यांमधून, देवळांमधून चालत. आपल्या भिशीचीच ही बहीण. साठलेली रक्कम सुटीच्या तोंडावर वाटली जाई आणि बरीचशी त्या एका आठवड्यात संपे. ब्लॅकपूलच्या घरमालकिणी खोली भाड्याने देत. शिधा पाहुण्यांनी आणायचा आणि मालकिणीने तो शिजवून द्यायचा, अशी पद्धत. मीठमिरीच्या भांड्याचे पैसे मात्र वेगळे लावले जात. या मालकिणींच्या कंजूषपणावर पुढे इंग्लंडमध्ये विनोदांची आणि चित्र-पोस्टकार्डांची एक परंपराच तयार झाली.

या ग्राहकाची नस ब्लॅकपूलने लवकर ओळखली. १८६३ साली उभ्या राहिलेल्या नॉर्थ पिअरवर प्रतिष्ठितांचा वावर होता. १८६८ साली दुसरा पिअर झाला आणि उघड्या हवेतल्या नाचामुळे तो ‘लोकांचा पिअर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १८७९ च्या कायद्याने नगरपालिकेला गावाच्या जाहिरातीसाठी कर बसवण्याची मुभा मिळाली. त्या काळात इतर गावांना असा अधिकार नव्हता. १८८५ साली विजेवरची ट्राम आली. अशी सेवा देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही गावांत ब्लॅकपूलचा समावेश होतो. पॅरिसचा आयफेल मनोरा पाहून महापौर जॉन बिकरस्टाफ यांनी ध्यास घेतलेला मनोरा १८९४ च्या मे महिन्यात खुला झाला. त्याच्या चार पायांमध्ये सर्कस बसवली आहे. १८९९ साली फ्रँक मॅचम यांनी रचलेले नृत्यगृह मनोऱ्याच्या इमारतीत उघडले. मॅहॉगनी, ओक आणि अक्रोडाचे ३०,६०२ ठोकळे जुळवून त्याची जमीन केलेली आहे. सोनेरी नक्षी, झुंबरे, रंगवलेले छत, असा थाट इतरत्र सरदारांच्या वाड्यात दिसे. इथे थोडे पेनी मोजून मागावरची मुलगी रात्री त्याच छताखाली नाचू शके. ब्लॅकपूलचे रात्रीचे जीवन म्हणतात ते हे.

रोषणाईच्या आरंभाबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. सप्टेंबर १८७९ मध्ये किनाऱ्यावर आठ आर्क दिवे लावले गेले. एडिसनचा दिवा यशस्वी व्हायला अजून काही आठवडे होते. ‘कृत्रिम सूर्यप्रकाश’ पाहायला गर्दी लोटली. पुष्कळ ठिकाणी हीच रोषणाईची सुरुवात सांगितली जाते. पण ते होते रस्त्यावरचे दिवे, विजेचा एक प्रयोग. आजच्या अर्थाने रोषणाई झाली ती १९१२ साली. राजकन्या लुईझ यांच्या हस्ते किनाऱ्याच्या नव्या रस्त्याचे उद्घाटन होते, त्यासाठी सुमारे दहा हजार दिवे लावले गेले. लोकांना ते इतके आवडले, की व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून ते सप्टेंबरात पुन्हा लावण्यात आले. त्या पुनरावृत्तीत खरी मेख आहे. ऑगस्ट सरला, की हंगाम संपे आणि खोल्या ओस पडत. दिव्यांनी हंगाम दोन महिने लांबवला. महायुद्धांनी ही प्रथा दोनदा मोडली आणि १९२५ व १९४९ साली ती पुन्हा सुरू झाली.

आता आपल्याकडचा धागा. ब्लॅकपूल वऱ्हाडच्या कापसावर उभे राहिले, असे म्हणण्याचा मोह आपल्याला होईल. ते खरे नाही. अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, आपल्या कापसाला लँकेशायरमध्ये मागणी आली खरी; पण आखूड धाग्याच्या या मालाला तिथले कामगार वैतागले होते. ‘सुरत’ हा शब्दच तिथे हलक्या मालाला पर्याय झाला. युद्ध संपताच गिरण्या अमेरिकन कापसाकडे परतल्या.

खरा संबंध उलट्या दिशेने आहे. लँकेशायरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. ब्लॅकबर्नच्या मागांवर तर आपल्यासाठी धोतरे विणली जात. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७ अब्ज वार सुती कापड निर्यात केले, त्यातले सुमारे ३ अब्ज वार हिंदुस्थानात आले. म्हणजे आठवडी बाजारात विलायती धोतरजोडी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशातला एखादा तुकडा ब्लॅकबर्नच्या विणकरणीच्या मजुरीत जाई, तिथून तिच्या भिशीत आणि तिथून नृत्यगृहाच्या तिकिटात. यात त्या विणकरणीला दोषी धरण्याचे कारण नाही. तिचा आठवडा कष्टाने कमावलेला होता. पण आपल्या हातमागाची राख आणि तिची एका रात्रीची झुंबरे एकाच हिशेबाच्या वहीत लिहिलेली आहेत, हे विसरता येत नाही.

ही वही १९३१ मध्ये उघडली गेली. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी सप्टेंबरच्या अखेरीस लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. बहिष्कारामुळे आणि मंदीमुळे तिथले माग बंद पडत होते. कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले; गिरणीतल्या स्त्रियांच्या घोळक्यातले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तुमच्या बेकारीचे मला दुःख आहे, पण आमचे दारिद्र्य त्याहून भयंकर आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. डार्वेनच्या विणकरांची हक्काची सुटीची जागा असलेल्या ब्लॅकपूलमध्ये त्या दिवसांत रोषणाईचा हंगाम चालू होता.

गिरण्या बुडाल्या म्हणून ब्लॅकपूल लगेच बुडाले नाही. १९३० च्या दशकात यॉर्कशायरमधून आणि मध्य इंग्लंडमधून नवे पाहुणे येत राहिले. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेचे निरीक्षक १९३७ च्या सुमारास तिथे रात्री किनाऱ्यावर फिरून जोडप्यांची नोंद करत. गावाच्या बदफैलीबद्दल जे बोलले जाई, त्या मानाने त्यांच्या हाती फारच थोडे लागले. बहुतेक जोडपी नुसती बिलगून बसलेली होती! १९३८ साली पगारी सुटीचा कायदाही झाला. उतार लागला तो युद्धानंतर काही दशकांनी, स्पेनची स्वस्त विमाने सुरू झाल्यावर. गिरण्यांबरोबर ‘वेक्स’ही संपले.

२०१९ च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ एकट्या ब्लॅकपूलमध्ये निघाल्या. एके काळी पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत आता कुठे जायला नसलेली माणसे स्वस्त भाड्याने राहतात. तरी नगरपालिका दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी दिवे लावतेच. आता त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात सांगतात. त्यांची निगा राखणारी कार्यशाळा वर्षभर चालू असते. रोषणाई पाहायला तिकीट नाही. वाटेत उभे असलेले स्वयंसेवक डबे पुढे करतात, ज्याला वाटेल त्याने त्यात नाणी टाकायची.