तळटीप : ग्लायसीन
* येथे अमिनो आम्ल अभिप्रेत आहे. फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२० मध्ये जिलेटिन गंधकाम्लात उकळून ते वेगळे केले आणि चव गोड लागल्यामुळे त्याला साखरच मानले. त्यात नायट्रोजन आहे हे नंतर कळले. अमिनो आम्लांत याची रचना सर्वांत साधी : बाजूच्या साखळीच्या जागी हायड्रोजनचा एकच अणू. म्हणूनच ते अडचणीच्या जागी मावते. कोलॅजेनच्या तिपेडी वेणीत दर तिसरे स्थान ग्लायसीनचे. तिथे दुसरे, आकाराने मोठे आम्ल आले, तर हाडे ठिसूळ होण्याचा जन्मजात विकार उद्भवू शकतो.

‘ग्लायसीन मॅक्स’ मात्र वनस्पती, म्हणजे लातूरच्या बाजारात पोत्यांनी उतरणारे आपले सोयाबीन. त्याच्या प्रथिनांत हे आम्ल असते, पण नाव त्यावरून पडलेले नाही. प्रजातीचे नाव लिनियसचे, रसायनाहून जुने. गंमत अशी, की त्याच्या डोळ्यांसमोर गोडसर कंदांची एक अमेरिकी वेल होती, जी पुढे ‘एपिऑस’ प्रजातीत गेली. सोयाबीनला त्याने १७५३ मध्ये घेवड्याच्या प्रजातीत घातले होते. — संपा.