साठीनंतरची पाटी : मोठ्यांच्या शिक्षणाचा थोडा इतिहास



सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. प्लॉट कसे पडले, रस्ते कसे झाले, पाण्याची लाईन कशी आली हे इतर सभासद लिहिणारच आहेत. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होतो आणि घरोघरी काळजी मुलांच्या शाळा-कॉलेजची होती. आज मुलं पुण्या-मुंबईला आहेत, काही परदेशात आहेत आणि सोसायटीत उरलोय आपण, साठी-सत्तरी ओलांडलेले. आता प्रश्न आपल्याच शिक्षणाचा आहे. हसू नका, मी गंभीरपणे लिहितोय.

मोठ्या वयाच्या माणसांना शिकवायचा प्रयत्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तो इतिहास चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सरकारी मोहीम आली की सोबत वयाची एक रेघ यायची, आणि आपल्या आया-आज्या बहुधा त्या रेघेपलीकडे राहायच्या.

रात्रशाळेपासून सुरुवात

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या मुलींच्या शाळा सर्वांना माहीत असतात. त्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळाही काढली होती, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. दिवसभर राबणाऱ्या माणसाने शिकायचं तर कधी? रात्रीच. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला हवी. पुढे १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. परीक्षा नाही, हजेरी नाही, फक्त येऊन ऐकायचं. ही पद्धत नंतर महाराष्ट्रभर गेली, आणि आजही आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत व्याख्यानमाला भरतात. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. ज्या बायकांचं शाळेचं वय निघून गेलं होतं, त्यांना तिथे लिहा-वाचायला आणि पोटापाण्याचं काम शिकता येई. सेवासदनाची शाखा आपल्या सोलापुरातही निघाली आणि ती संस्था आजही उभी आहे.

१९३७ साली बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा सरकारनेच प्रौढ साक्षरतेचं काम अंगावर घेतलं. मुंबईत १९३९ पासून समिती नेमून गिरणी कामगारांच्या वस्त्यांत वर्ग चालवले गेले. स्वातंत्र्यानंतर या कामाला ‘समाजशिक्षण’ असं नाव मिळालं. तेव्हा गरज किती होती? १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसं साक्षर होती.

इथे एक सांगायला हवं. ज्यांना अक्षर येत नव्हतं ती माणसं अडाणी नव्हती. पंढरपूर आपल्यापासून तासाभरावर. आपल्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना अख्खा हरिपाठ तोंडपाठ असायचा, जात्यावरच्या ओव्या तर शेकड्यांनी. सप्ताहात कीर्तन ऐकून रात्री घरी सुनेला त्याचा अर्थ सांगणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. त्यांना पोथीतलं सगळं माहीत असायचं, फक्त पोथी वाचता येत नसे.

साताऱ्याची मोहीम

महाराष्ट्रात या कामाने खरा जोर धरला तो ग्रामशिक्षण मोहिमेत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि नंतर राज्यभर पसरली. तिचं वैशिष्ट्य असं की साक्षर व्हायची जबाबदारी एकट्या माणसावर न टाकता अख्ख्या गावाने घ्यायची. गावकरी ग्रामदेवतेसमोर शपथ घेत. प्राथमिक शिक्षक, शिकलेली तरुण मंडळी, शाळेतली मोठी मुलंसुद्धा शिकवायला बसत. गावातले सगळे निरक्षर लिहू-वाचू लागले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. लग्नकार्यासारखा थाट! शिकलेलं विसरू नये म्हणून फिरत्या वाचनालयातून पुस्तकं द्यायची, हेही त्या योजनेत होतं.

मोहीम मोठी होती यात शंका नाही. पण तिची वयोमर्यादा होती १४ ते ५०. त्यापुढचे धरलेच नव्हते. नंतर २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात रेघ आणखी अलीकडे आली : १५ ते ३५. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननेही तीच १५ ते ३५ ठेवली. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पैसा थोडा, माणसं कोट्यवधी. मग ज्यांचं कमावतं आयुष्य पुढे आहे त्यांना आधी शिकवा. हिशेब बरोबर, पण त्या हिशेबात माणूस कुठे बसतो ते पाहू.

बँकेची सवय म्हणून आकडे मांडतो. १९४० साली जन्मलेली, शाळेत न गेलेली एक बाई धरा. १९५९ ला ती १९ वर्षांची. मोहीम सुरू झाली, पण एका सातारा जिल्ह्यात. तिच्या गावात ती पोचेपर्यंत हिच्या कडेवर मूल, डोक्यावर पाटी. १९७८ ला ती ३८ वर्षांची, म्हणजे तीन वर्षांनी रेघेबाहेर. १९८८ ला ४८, म्हणजे पारच बाहेर. वरची मर्यादा काढली ती २००९ च्या साक्षर भारत योजनेत : पंधरा वर्षांवरील कोणीही, आणि भर बायकांवर. तोवर ही बाई ६९ वर्षांची झाली होती. सरकारने दार उघडलं, पण तिची पन्नास वर्षं त्यात गेली. अशा बायका आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात होत्या. आई, मावशी, सासूबाई म्हणत होतो आपण त्यांना.

काउंटरच्या अलीकडून

मी नोकरीत असताना या बायकांची एक गोष्ट रोज दिसायची. शाईचा पॅड पुढे सरकवला की त्या डावा अंगठा पुढे करीत आणि मान खाली घालीत. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँका खेड्यात पोचल्या, पण अंगठेवाल्या खातेदाराची रीत वेगळी होती. खात्यावर फोटो पाहिजे, पैसे काढायला पासबुक घेऊन स्वतः यायचं, अंगठ्यावर ओळखीच्या साक्षीदाराची सही पाहिजे, आणि सहसा चेकबुक नाही. नियम त्यांच्याच रक्षणासाठी होते. तरीपण संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या म्हातारीला आधी साक्षीदार शोधत फिरावं लागे. स्वतःच्या पैशाचा आकडा तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे, आणि सांगणारा जो सांगेल तो आकडा खरा.

म्हणूनच फांगणे गावची हकीकत वाचली तेव्हा मला विशेष वाटलं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं हे छोटं गाव. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. योगेंद्र बांगर हे तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक. गावात पोथीचं वाचन चाललेलं असताना, आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं म्हाताऱ्या बायका बोलल्या आणि त्यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल ट्रस्टने पाट्या-पुस्तकं दिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू!

या शाळेचं काय साधलं ते नीट बघण्यासारखं आहे. वेळ दुपारची, घरकाम आटोपल्यावरची. जागा गावातलीच. शिकवणारी घरची, म्हणून लाज नाही. आणि काय शिकायचं हे आज्यांनी सांगितलं : पोथी वाचायची आहे आणि सही करायची आहे. मोठमोठ्या योजनांत पुष्कळदा यातलंच काहीतरी राहून गेलेलं असतं.

सध्या देशात २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. वय पंधराच्या पुढे कितीही. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० अशा १५० गुणांची परीक्षा असते. आणि अक्षरओळखीसोबत पैशाचे व्यवहार आणि मोबाईलचा वापर हेही आता साक्षरतेत धरलेलं आहे.

अंगठा परत आला

हे शेवटचं वाक्य आपल्यासाठी आहे. आपल्या सोसायटीत बहुतेक सगळे शिकलेले. ग्रॅज्युएट आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यात आणि एमआयडीसीत हिशेब सांभाळलेले आहेत. पण आज बँकेचा व्यवहार मोबाईलवर गेला. गंमत पाहा, ज्या अंगठ्यातून सुटायला लोकांनी पन्नास वर्षं धडपड केली, तो अंगठा मशीनवर परत आला. २०१४ पासून पेन्शनरांचा हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर निघतो, आणि म्हातारपणी रेषा झिजल्या की मशीन आपल्याला ओळखत नाही! मग चेहरा दाखवा म्हणतात. ओटीपी विचारणारा फोन येतो, लिंक येते, आणि आयुष्यभर दुसऱ्याची खाती तपासलेला माणूस घाबरून नातवाला हाक मारतो. नातू चांगला असतो. तो म्हणतो, “आबा, राहू द्या, मी करतो.” काम होतं, पण पुढच्या वेळी परत हाक मारावीच लागते. साक्षीदार शोधणाऱ्या त्या म्हातारीत आणि आपल्यात फरक काय राहिला?

परदेशात यावर एक उपाय निघाला. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू झालं. बालपण पहिलं, नोकरी-संसार दुसरं आणि निवृत्ती हे तिसरं वय. पुढे ब्रिटनमध्ये ही कल्पना गेली तेव्हा त्यांनी प्राध्यापकही काढून टाकले. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं. निवृत्त इंजिनिअर घड्याळ उघडून दाखवतो आणि उद्या तोच दुसऱ्याकडे चित्रकला शिकायला बसतो.

आपल्याला मात्र उदाहरणासाठी एवढं लांब जायला नको. आपण सहकारी संस्था आहोत. सहकाराची सुरुवात जिथून मानतात त्या इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान काढलं, आणि काही वर्षांत नफ्यातला अडीच टक्के भाग सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढायला लागले. दुकानाबरोबर त्यांनी वाचनालयही चालवलं. सोलापूरसारख्या विणकरांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे लवकर कळावं. सहकाराच्या सात तत्त्वांतलं पाचवं तत्त्व शिक्षण हेच आहे, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर आपल्या सहकार कायद्यातही सभासदांचं शिक्षण-प्रशिक्षण आलेलं आहे. एरवी आपण ‘शिक्षण निधी’ ही ओळ फक्त बिलात वाचतो.

तर माझी सूचना अशी. सोसायटीचा हॉल दुपारी तीन ते पाच रिकामा असतो. आठवड्यातून दोन दिवस तो ज्येष्ठांच्या वर्गासाठी द्यावा. फी नको, परीक्षा नको. पहिले तीन महिने मोबाईलवरचे बँकेचे व्यवहार आणि फसवणुकीपासून सावधगिरी. ते मी शिकवीन, माझं ते जुनंच काम आहे. पुढे ज्यांना जे येतं ते त्यांनी सांगावं : परसबाग, औषधांच्या चिठ्ठ्या वाचणं, भजनाच्या चाली, इंग्रजी बोलणं. कॉलेजातल्या मुलांनी आठवड्यातून एक तास द्यावा. फक्त आमच्या हातातला फोन काढून घेऊ नये, आम्हालाच बटणं दाबू द्यावीत.

आणि एक विनंती जास्त महत्त्वाची. आपल्या घरी धुणंभांडी करायला, बागेत काम करायला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून ज्या मावशी, जे मामा येतात, त्यांच्यात अजून अंगठा लावणारे आहेत. हा वर्ग त्यांच्यासाठीही उघडा असावा, आणि त्या दोन तासांची सुट्टी आपण त्यांना पगारी द्यावी. वयाची रेघ काढायची आणि दाराची ठेवायची, असं करू नये.

हा विषय येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. ज्यांना शिकायचं आहे आणि ज्यांना शिकवायचं आहे, त्यांनी सोसायटीच्या ऑफिसमधल्या वहीत नाव लिहून ठेवावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नाव आपण लिहून घेऊ. वर्ग चालला तर पुढच्या वर्षी त्याच वहीत ते स्वतः सही करतील.