आतड्याचा निरोप : मधुमेहाच्या इतिहासातील एक हरवलेले प्रकरण



वैद्यकाचा इतिहास हा शाळेच्या व्यासपीठावरचा विषय आहे काय, अशी शंका एखाद्याच्या मनात येईल. परंतु मधुमेहाची गोळी घेणारा माणूस आता जनवाड्यासारख्या गावातही अपूर्वाईचा राहिलेला नाही, आणि जे घराघरांत शिरले आहे त्याचा इतिहास शाळेत सांगायचा नाही तर कुठे सांगायचा?

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत आपला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आपल्या या सरहद्दीवर या एका रोगाला तीन नावे आहेत. मराठीत मधुमेह, कानडीत सक्करे कायिले आणि हकिमांच्या उर्दूत जियाबेतुस. पहिली दोन साखरेकडे बोट दाखवतात. तिसऱ्याचे मूळ ग्रीक असून त्याचा रोख 'आरपार वाहून जाणे' म्हणजे अतिमूत्रतेकडे आहे. पोटाचा वा आतड्याचा उल्लेख एकातही नाही. नावात जे नाही ते हळूहळू विचारांतूनही जाते. रोगी दवाखान्यात येतो, साखरेचा आकडा सांगतो, आणि उठता उठता, जणू क्षुल्लक गोष्ट म्हणून, सांगतो की दोन घासांत पोट भरते, जेवण वर येते, किंवा रात्री-अपरात्री परसाकडे धावावे लागते. त्यावर पित्ताची पुडी त्याने आधीच घेऊन पाहिलेली असते. ही तक्रार मधुमेहाच्या इतिहासात कुठे होती, ती कशी हरवली आणि कशी परत आली, एवढेच मला आज सांगायचे आहे.

चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाचे उपद्रव सांगितले आहेत. तृष्णा, दाह, दौर्बल्य, पिडका यांच्याच पंक्तीत तिथे अतिसार, अरोचक आणि अविपाक, म्हणजे जुलाब, तोंडाची चव जाणे आणि अन्न न पचणे, हेही बसवले आहेत. सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचे वर्णन येते. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यातच फिरतो, अग्नी पेटवतो, आणि म्हणून त्या माणसाला भूक आवरत नाही, असा तेथील कार्यकारणभाव आहे. सुश्रुतानेही प्रमेही माणसांचे दोन वर्ग केले : एक जन्मजात, कृश आणि अल्पाहारी, दुसरा अपथ्यामुळे झालेला, स्थूल, पुष्कळ खाणारा आणि बैठकप्रिय. यावरून आपल्या पूर्वजांना संप्रेरके ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. तसे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. त्यांनी रोग्याचे ऐकून घेतले होते आणि पोटाची तक्रार रोगाच्या बाहेर ठेवली नव्हती, एवढे मात्र निश्चित.

आता लंडनला जाऊ. १६ जानेवारी १९०२ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यामेहुण्यांनी एक प्रयोग केला. जठरातले आम्ल लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड आपला पाचकरस सोडते, हे रशियातील पावलॉव्ह यांच्या शाळेने दाखवलेच होते. आणि हा निरोप मज्जातंतूंच्या तारेवरून जातो, असे त्यांचे मत होते. या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सर्व मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. तार तुटली होती, तरी स्वादुपिंडाचा रस पाझरू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, वाळू आणि आम्ल घालून ते खलले, गाळले, आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. पुन्हा रस पाझरला. निरोप रक्तातून जात होता! त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द जाहीर व्याख्यानातून पुढे आणला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. हे नाव पुढे इन्शुलिनशी इतके जोडले गेले की ते ज्याच्यामुळे जन्माला आले ते आतड्याचे द्रव्य होते, ही गोष्ट विस्मरणात गेली.

आतडे जर स्वादुपिंडाला निरोप धाडते, तर मधुमेहात तोच निरोप चुकत असेल काय? हा प्रश्न लगेच विचारला गेला. १९०६ साली लिव्हरपूलला मूर, एडी आणि एब्रम यांनी मधुमेही रोग्यांना आतड्याच्या अस्तराचा अर्क पाजून पाहिला. काहींच्या लघवीतील साखर उतरल्याचे त्यांनी नोंदवले. पण १९२१-२२ साली टोरांटोमध्ये इन्शुलिन सापडले, आणि मरणाच्या दारातली मुले उठून बसू लागली. त्या तेजापुढे बाकी सारे फिके पडले, यात नवल नाही. १९३२ साली बेल्जियमच्या ला बार यांनी आतड्यातील या साखर उतरवणाऱ्या द्रव्याला 'इन्क्रेटिन' असे नावही दिले; परंतु १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेत आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून असे काही असण्याविषयीच शंका घेतली. विषय मिटला. रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत यॅलो आणि बेर्सन यांनी १९६० साली दिली तेव्हा तो पुन्हा उघडला. १९६४ साली दोन स्वतंत्र गटांना आढळले की ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिले तर कितीतरी अधिक इन्शुलिन स्रवते. १९८६ साली जर्मनीच्या नाउक यांनी दाखवले की प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात नेमका हाच लाभ पुष्कळ कमी झालेला असतो.

पुढचे थोडक्यात. हा निरोप नेणारी मुख्य द्रव्ये दोन, जी-आय-पी आणि जी-एल-पी-१. दुसरे द्रव्य साखर वाढली असेल तरच इन्शुलिन सोडवते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूला तृप्तीची वर्दी देते. मात्र रक्तात ते दोनेक मिनिटांतच निम्मे नष्ट होते. १९९२ साली अमेरिकेतील जॉन एंग यांना हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याचे टिकाऊ भावंड सापडले, आणि २००५ साली त्यापासूनचे इंजेक्शन तिकडे मान्य झाले. त्याच वंशातील सेमाग्लुटाइड आज जगभर वजन उतरवण्यासाठी टोचले जाते. टिर्झेपॅटाइड दोन्ही द्रव्यांचे काम एकदम करते; ते भारतात मार्च २०२५ मध्ये आले.

येथे पोटाची तक्रार दुहेरी होऊन परत येते, आणि माझ्या व्याख्यानाचे मर्मही येथेच आहे. १९५८ साली कॅसँडर यांनी मधुमेहींच्या मंदावलेल्या जठराला 'गॅस्ट्रोपरेसिस' हे नाव दिले. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की जठराला चालवणारे मज्जातंतू दुबळे होतात आणि अन्न तिथेच साचून राहते. अशा माणसाने जेवणाआधी इन्शुलिन टोचले तर औषध वेळेवर पोचते, भाकरी मात्र जठरातच राहते. साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते, आणि काही तासांनी अन्न उतरले की एकदम चढते. 'दोन घासांत पोट भरते' हे वाक्य म्हणून क्षुल्लक नाही. त्यावर इन्शुलिनची वेळ आणि मात्रा ठरते. दुसरीकडे नव्या इंजेक्शनांची मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ वा जुलाब हे त्यांच्या गुणाचेच दुसरे अंग आहे. म्हणून मात्रा अल्प ठेवून सावकाश वाढवायची असते. नेहमीच्या मेटफॉर्मिननेही अनेकांना जुलाब होतात. स्थूल माणसाची छातीतली जळजळ पुष्कळदा पोटावरच्या मेदाच्या दाबाने वाढते. चार कारणे, आणि आपल्याकडे त्या सर्वांना मिळून शब्द एकच : पित्त! माझे हे म्हणणे कोणाला कठोर वाटेल, पण या एका शब्दाने आपल्या भागात बरेच निदान लांबणीवर पडते.

स्थूल कोणाला म्हणायचे, हेही आपल्याकडे नीट ठरलेले नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी जे काम केले, त्यात अशी 'कृश पण मेदस्वी' घडण नवजात बाळांतच दिसली. सडपातळ शेतकऱ्याला मधुमेह झाल्याचे ऐकून गाव चकित होतो, त्याचे एक उत्तर या छायाचित्रात आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. वजनाचे वा साखरेचे हे नवे साप्ताहिक इंजेक्शन घरात कोणी घेत असेल आणि त्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी, काही दिवस आधी, सांगावे. रात्रभर उपाशी राहूनही अशा माणसाच्या जठरात अन्न शिल्लक असू शकते, आणि भुलेत ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. इंजेक्शन थांबवायचे की नाही, आणि आदल्या दिवशी केवळ पातळ पदार्थ घ्यायचे काय, हे मग त्यांना ठरवता येते.